शीग कोणाच्या पदरात?

महाराष्ट्रातल्या सातबारा उताऱ्यावर जमिनीचं क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये लिहिलेलं असतं. तो हातात घेणारा माणूस मात्र आर वाचतो आणि गुंठा म्हणतो. फरक किरकोळ वाटतो. आर म्हणजे 100 चौरस मीटर. गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद तुकडा. 1,089 चौरस फूट, म्हणजेच 101.17 चौरस मीटर. शंभरामागे सव्वासुद्धा नाही, एवढंच अंतर. पण गुंठे चाळीस झाले की एकर होतो, आणि एकराचा व्यवहार ठरवून कागदावर ‘शून्य हेक्टर चाळीस आर’ असं लिहिलं, तर घेणाऱ्याच्या वाट्याला पुरते 47 चौरस मीटर कमी येतात. चौरस फुटांत सांगायचं तर पाचशे चार. एवढ्या जागेत मुंबई-पुण्यात अख्खा संसार मावतो. माळरानावर याचं कोणी मनावर घेणार नाही, पण रस्त्याकडेच्या जमिनीला गुंठ्यावर भाव असतो तिथे हा जवळजवळ अर्धा गुंठा कोणाच्या तरी खिशातून जातो आणि कोणाच्या तरी खिशात पडतो. त्यात कोणी लबाडी केलेलीच असते असं नाही. दोन मापं शेजारीशेजारी नांदतात आणि त्यांच्या सांध्यातून जमीन गळते.

वजनमापांची चर्चा निघाली की ती हमखास एकाच चाकोरीतून जाते. एका बाजूला मीटर, किलो, लिटर म्हणजे विज्ञान, शिस्त आणि आधुनिकता. दुसऱ्या बाजूला फूट, तोळा, एकर म्हणजे सवय, हट्ट किंवा अडाणीपणा. कोणी हीच मांडणी उलटी करतं आणि जुन्या मापांत माणसाचा हात, पाऊल, ओंजळ होती, मीटरमध्ये नुसता कोरडेपणा आहे, असा गळा काढतं. मला दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नाभोवती फिरताना दिसतात. माप किती अचूक आहे किंवा किती आपलं आहे, हा प्रश्न दुय्यम आहे. व्यवहारातल्या दोघांपैकी जो दुबळा, त्याला ते स्वतः तपासून पाहता येतं का, हा खरा प्रश्न. दशमान पद्धतीचा मोठेपणा दहाच्या पाढ्यात नाही, या तपासणीत आहे. आणि जुनं माप घातक ठरतं ते जुनं म्हणून नव्हे, तर त्याचं नव्यात रूपांतर करण्याची किल्ली एकाच पक्षाच्या हाती राहते तेव्हा.

धान्य मापून देण्याघेण्याचा जमाना आठवून पाहावा. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली ही मापं वजनाची नव्हती, आकारमानाची होती. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. हिशेब दुपटीचा आणि सोपा. पण पायली भरायची कशी? काठावरून काठी फिरवून सपाट, की वर शीग लावून? शीग म्हणजे काठाच्या वर उभा राहिलेला धान्याचा ढीग, आणि भांडं जितकं पसरट तितकी शीग मोठी. म्हणजे पायली तीच, दाणे वेगळे. शीग लावून घ्यायचं आणि सपाट करून द्यायचं, हे ज्याच्या हाती माप त्याला सहज साधतं. त्यासाठी भांड्याला हातही लावावा लागत नाही. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी उगाच बसलेला नाही. हेच दुखणं युरोपातही होतं. 1789 साली फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या तोंडावर गावोगावच्या लोकांनी गाऱ्हाण्यांच्या वह्या लिहून पाठवल्या, त्यांत सगळ्या राज्याला एकच वजन आणि एकच माप असावं ही मागणी पुन्हा पुन्हा आलेली आहे. जमीनदाराचं माप जमीनदाराच्या कोठारात असे आणि त्याच मापाने धान्याचा वाटा द्यावा लागे, हे त्यामागचं कारण. मीटरचा जन्म पुढे शास्त्रज्ञांच्या हातून झाला. देलांब्र आणि मेशँ या दोघांनी डंकर्क ते बार्सिलोना हे अंतर मोजायला काही वर्षं घातली, आणि पृथ्वीच्या ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर ठरला. पण त्याआधीची मागणी रयतेची होती.

आपल्याकडेही राज्यकर्त्यांना हे उमगलेलं होतं. शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तोंनी जमिनीची मोजणी केली तेव्हा आधी काठी नक्की करण्यात आली: पाच हात आणि पाच मुठी. अशा 20 काठ्या लांब आणि 20 काठ्या रुंद म्हणजे बिघा, आणि 120 बिघ्यांचा एक चावर. सारा बिघ्यावर बसणार असेल तर काठी कोणाच्या हाताची, हा वाद आधी मिटवावाच लागतो. पण एका राज्याने ठरवलेली काठी दुसऱ्या राज्यात चालत नाही, आणि बाजार तर राज्याचंही ऐकत नाही. इंग्रजी अमलात मुंबईचा मण 28 पौंडांचा होता, मद्रासचा 25 पौंडांचा, तर बंगालचा 82 पौंडांहून जड. नाव एक, ओझं तिप्पट. या तिन्ही इलाख्यांशी व्यापार करणाऱ्या पेढीकडे कोष्टकं असत, मुनीम असत. तिच्याकडे माल घेऊन येणाऱ्या कुणब्याकडे यातलं काहीही नव्हतं.

स्वतंत्र भारताने 1956 साली वजनमापांचा कायदा केला. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे 16 आणे जाऊन 100 नवे पैसे आले. 1958 च्या ऑक्टोबरपासून काही भागांत किलोग्रॅम सुरू झाला आणि 1962 च्या एप्रिलपर्यंत देशभर सक्तीचा झाला. एवढ्या मोठ्या, एवढ्या निरक्षर देशात हे इतक्या थोड्या वर्षांत घडलं, याचं आपल्याला पुरेसं अप्रूप वाटत नाही. फ्रान्सला, म्हणजे मीटरच्या माहेरालाच, हे इतकं सहज जमलं नव्हतं. नेपोलियनने 1812 मध्ये बाजारापुरती जुनी नावं परत येऊ दिली आणि मीटर पुन्हा सक्तीचा व्हायला तिथे 1840 उजाडलं. आपल्याकडे जमलं याचं मुख्य कारण असं की सरकारने नुसता कायदा केला नाही, दुकानातलं लोखंडच बदललं. षटकोनी बिडाचं वजन, त्याच्या खालच्या बाजूला भोक, भोकात भरलेलं शिसं आणि शिशावर निरीक्षकाने ठोकलेली मोहर. या शिशात दोन कामं एकदम होत. वजन झिजलं तर थोडं शिसं घालून ते पुरं करता येई, आणि कोणी शिसं कोरून काढलं तर मोहर बिघडे. तराजूपुढे उभ्या असलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बाईलाही मोहर आहे की नाही ते दिसत असे. दशमान पद्धत तिच्यापर्यंत पोहोचली ती या शिशातून. दशांश अपूर्णांकांतून नव्हे.

सांध्यातली गळती त्या संक्रमणातही होतीच. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि सव्वासहा पैशांचं नाणं नसतं. आण्याची वस्तू सहा पैशांना दिली तर सोळा गिऱ्हाइकांमागे दुकानदाराचे चार पैसे जाणार. सात पैशांना दिली तर बारा पैसे त्याच्या गल्ल्यात पडणार. रुपयामागे बारा टक्के! म्हणजे नवं माप आणलं की न्याय आपोआप होतो, असं मुळीच नाही. जुनं आणि नवं एकत्र चालतात तोवर अपूर्णांक कोणाच्या बाजूला वळवायचा हे कोणीतरी ठरवत असतं, आणि बहुधा तो गल्ल्यावर बसलेला असतो.

दशमान पद्धतीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप गणिती आहे. दहाचे दोन सारखे भाग पडतात, पण चार पडत नाहीत, तीन तर नाहीतच. सोळाचे निम्मे, पाव, अर्धपाव सहज होतात. बाराचे तिसरे हिस्सेही होतात. बाजारात माणूस दहांनी विचार करत नाही, निम्म्या-निम्म्याने करतो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे आपल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या घोकले गेले ते त्याचसाठी. आक्षेप खरा आहे आणि जुनाही. हडप्पा संस्कृतीच्या उत्खननात सापडलेली चर्ट दगडाची घनाकृती वजनं पाहिली, तर त्या लोकांनी लहान वजनं 1, 2, 4, 8, 16 अशी दुपटीने चढवलेली दिसतात आणि मोठ्या वजनांत दशमानाचा आधार घेतलेला दिसतो. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याला दोन्हींची सोय कळली होती. आपणही वेगळं काय केलं? किलो स्वीकारला आणि त्याचा पाव केला. गंमत अशी की कायद्याने ठरवलेल्या वजनांच्या मालिकेत 500, 200, 100 आणि 50 ग्रॅम आहेत, 250 नाही. मंडईत पाव किलो मिरच्या जोखायच्या तर पारड्यात 200 चं आणि 50 चं अशी दोन वजनं पडत. तरी ‘दोनशे पन्नास ग्रॅम द्या’ असं म्हणणारं गिऱ्हाईक विरळाच, आणि ‘चार आणे’ तर 25 पैशांचं नाणं 2011 मध्ये बंद होईपर्यंत बोलण्यात होतेच. विचार करायची भाषा आणि पडताळून पाहायचं माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली लोकांना हवी तशी ठेवता येते, कारण पाव किलो म्हणजे किती याबद्दल दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात दोन मतं होऊ शकत नाहीत. स्वयंपाकघरातल्या वाटीचंही तसंच. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी हे प्रमाण आहे. वाटी कितीची का असेना, भात बिघडत नाही. तिथे मिलिलिटर आणणं ही हौस आहे, गरज नाही.

दुसरा आक्षेप अस्मितेचा: ही मापं आपली, मीटर परका. पण आज आपण ज्यांना आपली म्हणतो ती तपासून पाहिली तर काय दिसतं? ज्या गुंठ्यावर खेड्यापाड्यातली भावकी भांडते तो इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातल्या जमीनमोजणीने घराघरात पोहोचवला. एडमंड गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 1620 च्या सुमारास 66 फुटांची साखळी मोजणीसाठी रूढ केली. तिच्या निम्म्या लांबीचा, म्हणजे 33 फुटांचा चौरस म्हणजे आजचा गुंठा, आणि दहा चौरस साखळ्या म्हणजे एकर. वाळूची ब्रास म्हणजे 100 घनफूट, धरणाचा टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, पंपाचा एचपी, हे सगळं इंग्रजी फूट-पौंडाचं पीक आहे. खरोखर इथली म्हणावी अशी काठी, पांड, चावर, पायली ही मापं केव्हाच मोडीत निघाली, आणि त्यांच्यासाठी कोणी डोळ्यांत पाणी आणत नाही. फ्रेंच मीटर आणि इंग्रजी फूट यांच्या भांडणात स्वदेशीचा झेंडा कोणत्याच बाजूला रोवता येत नाही.

शिवाय फुटाला आता स्वतःचं असं अस्तित्वच उरलेलं नाही. 1959 साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून इंच म्हणजे नेमके 25.4 मिलिमीटर असं ठरवलं. अमेरिकेने तर 1893 मध्येच आपला यार्ड आणि पौंड मीटर-किलोग्रॅमच्या खुंटीला बांधून घेतला होता. तेव्हा अमेरिकेने दशमान पद्धत नाकारली हे अर्धसत्य आहे. तिने ती पायात घातली आणि वर जुना पोशाख ठेवला. खुद्द किलोग्रॅम मात्र 2019 पर्यंत पॅरिसजवळच्या एका तिजोरीतल्या धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून होता. भारताकडे त्याची 57 क्रमांकाची प्रत आहे आणि ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत ठेवलेली आहे. ठोकळ्यांची एकमेकांशी तुलना केली की मायक्रोग्रॅममध्ये फरक निघत, आणि मूळ ठोकळाच हलका झाला की प्रती जड झाल्या हे सांगायला दुसरा आधार नव्हता. 20 मे 2019 पासून किलोग्रॅम प्लँकच्या स्थिरांकावर बेतलेला आहे, जसा मीटर 1983 पासून प्रकाशाच्या वेगावर बेतलेला आहे. साधनं असतील तर जगातली कोणतीही प्रयोगशाळा आता कोणाची परवानगी न घेता किलोग्रॅम उभा करू शकते. मूळ माप कोणाच्या कोठारात नसणं, ही 1789 ची मागणी खऱ्या अर्थाने पुरी झाली ती 230 वर्षांनी.

विज्ञानात तरी मापांचा गोंधळ नसेल, असं वाटतं. तिथला सर्वांत गाजलेला गोंधळ मंगळावर झाला. नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ 23 सप्टेंबर 1999 रोजी मंगळाजवळ पोहोचलं आणि नाहीसं झालं. यान बनवणाऱ्या कंपनीची जमिनीवरची संगणकप्रणाली यानाच्या लहान धक्क्यांचे आकडे पौंड-सेकंदांत देत होती. ते वापरणारी प्रणाली ते न्यूटन-सेकंद आहेत असं धरून चालली होती. फरक साडेचार पटींच्या आसपास. परिणामी सव्वादोनशे किलोमीटर उंचीवरून जायचं यान मंगळापासून 57 किलोमीटरवर आलं आणि वातावरणाने ते गिळलं. ही गोष्ट नेहमी ‘पाहा, पौंड किती वाईट’ म्हणून सांगितली जाते. पण पौंडात काही खोट नव्हती. सगळं काम पौंडात झालं असतं तरी यान पोहोचलं असतं. आकडा एकटाच एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये गेला, एकक मागे राहिलं. कराराप्रमाणे आकडे न्यूटन-सेकंदांत द्यायचे होते, ते तसे दिलेत का हे कोणी तपासलं नाही, आणि मार्गात काही तरी बिनसतंय अशी शंका काही जणांना आली होती ती रीतसर पुढे गेली नाही.

त्याहून बोलकी हकिकत कॅनडातली आहे, कारण तिथली आकडेमोड आपल्याला बोटांवर करून पाहता येते. 23 जुलै 1983. एअर कॅनडाचं बोइंग 767 जातीचं नवंकोरं विमान माँट्रियलहून एडमंटनला निघालं होतं. कॅनडा तेव्हा पौंडातून किलोत जात होता आणि हे विमान त्या कंपनीच्या ताफ्यातलं पहिलं किलोवालं. इंधन दाखवणारे काटे बंद होते, म्हणून टाकीत पट्टी बुडवून मोजलं. टाकीत 7,682 लिटर निघालं. प्रवासाला लागणार होतं 22,300 किलो. आता लिटरचे किलो करायचे. विमानाच्या इंधनाचा एक लिटर साधारण 0.8 किलो भरतो, पण कागदावर जो गुणक हाताशी होता तो 1.77, म्हणजे लिटरमागे पौंड. 7,682 गुणिले 1.77 बरोबर सुमारे 13,600, ते 22,300 मधून वजा केले की उरले 8,700, भागिले 1.77 बरोबर 4,900 लिटरच्या वर थोडं. तेवढंच भरलं. वास्तविक 20,000 लिटर भरायला हवं होतं. विमान उडालं तेव्हा त्यात 22,300 किलो नव्हे, 22,300 पौंड इंधन होतं, म्हणजे गरजेच्या निम्म्याहूनही कमी. उड्डाण चालू असतानाच आधी एक, मग दुसरं इंजिन बंद पडलं. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर उडवण्याचा सराव होता. त्यांनी ते अवाढव्य विमान ग्लायडरसारखं तरंगत नेऊन गिमली इथल्या वापरातून गेलेल्या धावपट्टीवर उतरवलं. आतले सगळे 69 जण वाचले. (सहवैमानिकांचं आडनाव क्विंटल होतं, हा योगायोग कोणा विनोदी लेखकाने रचला असता तर आपण त्याला नावं ठेवली असती.) या हिशेबात गुणाकार चुकला नव्हता. भागाकारही नाही. एका मापातून दुसऱ्यात नेणारा पूल तेवढा चुकीच्या नदीवर बांधलेला होता. आणि तो हिशेब एकाहून अधिक जाणत्या माणसांच्या नजरेखालून गेला होता.

म्हणून, सगळे जण एकाच मापात बोलत असतील तिथे जुनं माप नांदू द्यायला माझी हरकत नाही. भारतात, युरोपात, जवळजवळ जगभर विमानांची उंची फुटांत सांगतात. ती मीटरमध्ये न्यायची तर एकाच आकाशात काही काळ दोन मापं चालतील, आणि गिमली पुन्हा घडायला तेवढं पुरे. डॉक्टर रक्तदाब अजून पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच मोजतात, यंत्रातून पारा हद्दपार झाला तरी. धरणांच्या टीएमसीचं तेच. बच्छावत लवादाने कृष्णेच्या 2,060 टीएमसी पाण्यातून महाराष्ट्राला 560, कर्नाटकला 700 आणि आंध्रला 800 टीएमसी दिलं. तीन राज्यांची भांडणं ज्या आकड्यांत कोरली गेली ते आकडे कोणी हौसेने बदलायला जाणार नाही. अभियंत्यांना त्यात सोयही आहे: 11,574 क्युसेकने दिवसभर पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. पण ही सोय पाटबंधारे खात्याच्या आतली आहे. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला एका धरणाचा साठा टीएमसीमध्ये, दुसऱ्याचा दशलक्ष घनमीटरमध्ये आणि तिसऱ्याचा नुसता टक्क्यांत मिळतो. आपल्या गावाचं पाणी शेजारच्या जिल्ह्याच्या मानाने किती, हे त्याला तपासता येत नाही. कोणी सांगेल त्यावर विश्वास ठेवावा लागतो. एक टीएमसी म्हणजे 28.3 दशलक्ष घनमीटर, ही एक ओळ बातमीखाली छापली तरी बरंच काम होईल. रक्तातल्या साखरेचं उदाहरण याहून जवळचं. लंडनला किंवा टोरांटोला मुलाकडे गेलेल्या आईच्या अहवालात साखर 7 येते. इथे 126 वाचायची सवय. दोन्ही एकच आहेत, मध्ये 18 चा गुणक आहे. पण 7 हा आकडा पाहून एखादीला साखर फारच उतरली असं वाटू शकतं, आणि मधुमेहात त्या वाटण्याची किंमत मोजावी लागते.

आता जिथे हरकत आहे त्या जागा. सोनं पहिलं. कायद्याने मोडीत निघालेला तोळा 11.66 ग्रॅमचा होता. बारा मासे, शहाण्णव गुंजा. आजच्या सराफ कट्ट्यावर तोळा म्हणजे सरळ 10 ग्रॅम. दोन्ही अर्थ जिवंत आहेत. जुन्या याद्यांमध्ये, वाटणीपत्रांमध्ये ‘पाच तोळे’ लिहिलेले असतात ते बहुधा 58 ग्रॅम. आजच्या बोलण्यातले पाच तोळे 50. मधले सव्वाआठ ग्रॅम भावंडांपैकी कोणाचे, हा प्रश्न एकाच शब्दाने दोन वजनं पोटात घेतल्यामुळे उभा राहतो. कापसाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. शेतकरी बोंडातून वेचलेला कापूस क्विंटलने विकतो. सरकी काढलेल्या रुईचा भाव व्यापारात आजही खंडीवर निघतो, आणि ही खंडी 784 पौंडांची, म्हणजे सुमारे 356 किलोंची. एरवी वीस मणांची खंडी असायची. या खंडीत मुंबईचे 28 पौंडी मण बरोबर अठ्ठावीस बसतात. रुईचा भाव चढला तर माझ्या क्विंटलला किती चढायला हवा, हे शेतकऱ्याने काढायचं तर आधी खंडीचे किलो करायचे, मग कापसातून रुई साधारण एक तृतीयांश निघते ते धरायचं, मग सरकीचा भाव मिळवायचा. ही आकडेमोड व्यापाऱ्याच्या डोक्यात तयार असते. शेतकऱ्याने ती करायचीच नाही, अशी सोय मापाने करून ठेवलेली आहे.

यावर कोणी म्हणेल, दशमान मापातही लबाडी होतेच की. होते. उसाचं वजन टनात होतं, काटा इलेक्ट्रॉनिक असतो, तरी काटा मारल्याच्या तक्रारी दर हंगामात ऐकू येतात. सदनिकेचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये सांगा नाही तर फुटांत. जिन्याचा आणि लॉबीचा वाटा त्यात घुसवून सुपर बिल्ट-अप म्हणून विकला जात होता तोवर एककाचा काही उपयोग नव्हता. ते थांबवायला 2016 च्या रेरा कायद्याला चटई क्षेत्राची व्याख्या करावी लागली. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि तरीही तो माझ्याच बाजूने बोलतो. ऊस उत्पादकांची जुनी मागणी अशी की गाडी बाहेरच्या कोणत्याही काट्यावर वजन करून आणू द्या आणि ते वजन माना. ही मागणी करता येते कारण टन दोन्ही काट्यांवर एकच आहे. शीग लावलेल्या पायलीबद्दल अशी मागणीच करता येत नव्हती. दुसऱ्या पायलीने मोजून आणलं तर ती पायली वेगळी, एवढ्या एका वाक्यात वाद संपे. सदनिकेतही चटई क्षेत्र म्हणजे काय हे ठरल्यावर घेणारा स्वतः टेप लावू शकतो. लबाडी राहते, पण ती पकडता येते.

उरली सक्तीची भीती. ब्रिटनमध्ये 2001 साली संडरलंडच्या एका फळविक्रेत्याला पौंडाच्या काट्यावर केळी विकल्याबद्दल दोषी ठरवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. तिथे आजही बिअर पाइंटने आणि रस्ता मैलाने मोजतात. लोकांच्या जिभेवर पोलीस बसवू नये, हे मलाही पटतं. गुंठ्याला गुंठा म्हणावं, तोळ्याला तोळा. कायद्याने बघायचं ते एवढंच की भाव ज्या मापात बोलला जातो त्याच मापात तो नोंदला जावा, आणि वेगळ्या मापात नोंदला जात असेल तर मधला गुणक त्याच कागदावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापलेला असावा. पाकीटबंद मालावर आता किलोमागचा किंवा ग्रॅममागचा दर छापायचा नियम आला आहे. पाकिटं लहान करत जाण्याच्या खेळाला त्याने थोडा चाप बसतो. खरेदीखतावर आरपुढे गुंठे, सराफाच्या पावतीवर तोळ्यापुढे ग्रॅम आणि बाजार समितीच्या फळ्यावर खंडीच्या भावाशेजारी किलोचा भाव लिहायला एखाद्या ओळीहून जास्त जागा लागत नाही.

वाळू आणि खडीचं मात्र अजून अवघड आहे. ब्रासला मोहर नाही, शिसं नाही. वाळू ट्रकच्या हौद्यात येते आणि ‘तीन ब्रास आहे’ हे सांगण्यावर चालतं. ओली वाळू फुगते, भरताना वर शीग दिसते, प्रवासात ती दबते. पण हौदा तर चौकोनीच असतो. आतली लांबी 14 फूट, रुंदी 7 फूट आणि वाळू सपाट केल्यावर उंची 3 फूट भरली, तर गुणाकार 294 घनफूट येतो, भागिले शंभर म्हणजे तीन ब्रासला थोडी कमी. उंची अडीच फूट निघाली तर ती अडीच ब्रासच्याही खाली, 2.45. टेप लावायचा तो ट्रक रिकामा होण्याआधी.